काडतुसांच्या रकान्यात काय लिहायचं?

मी पोलिसांना शिकवते. बरीच वर्षं कायदा शिकवला आणि गेल्या वर्षी पहिल्यांदा, चिघळत चाललेला प्रसंग बळ न वापरता निवळवायचा कसा, याचा वर्ग घेतला. सगळे त्याला डी-एस्कलेशनच म्हणतात. माझं स्वतःचं प्रशिक्षण, अभ्यासक्रमाची आखणी, वरिष्ठांची तोंडी संमती हे सगळं महिनाभरात उरकलं. अडलं ते एका अर्जावर. तो आठवला की अजून डोकं फिरतं.

प्रात्यक्षिकाच्या मंजुरीचा तो छापील अर्ज, उघडच गोळीबाराच्या सरावासाठी बनवलेला. रकाना ९ : 'प्रति प्रशिक्षणार्थी काडतुसे'. आमच्या प्रात्यक्षिकाचा पहिला नियमच असा, की खोलीत एकही खरं काडतूस येता कामा नये. दारात दोन जणांनी वेगवेगळी झडती घ्यायची, शिकवणाऱ्याचीसुद्धा. म्हणून मी रकाना कोरा सोडला. आठ दिवसांनी अर्ज परत : 'रकाना ९ अपूर्ण.' मी शून्य लिहिलं. बारा दिवसांनी पुन्हा परत : 'काडतुसांशिवाय प्रात्यक्षिक कसे, याचा खुलासा करावा.'

खुलाशात मी सगळं ज्ञान ओतलं. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७ साली चाकू घेतलेला एक मनोरुग्ण पोलिसांच्या गोळीने गेला, त्यानंतर १९८८ मध्ये तिथे गस्तीवरच्या पोलिसांसाठी ४० तासांचं प्रशिक्षण उभं राहिलं, वगैरे वगैरे. तीन पानं. कुणी वाचली असतील असं वाटत नाही.

शेवटी स्वतः गेले. टेबलामागचे गृहस्थ कमालीचे शांत. मी जे शिकवते ते सगळं त्यांच्यावर वापरून पाहिलं. हो-नाहीत उत्तर संपणार नाही असे प्रश्न विचारले, त्यांचंच म्हणणं माझ्या शब्दांत परत सांगितलं, भावनेला नाव देऊन पाहिलं. "या अर्जाचा तुम्हालाही त्रास होत असेल."

"नाही मॅडम, मला काहीच त्रास नाही."

खरंच नव्हता. ही सगळी तंत्रं भडकलेल्या माणसासाठी असतात आणि त्या खोलीत भडकलेली एकटी मीच होते.

मग त्यांनी पान उलटलं. खऱ्या प्रसंगासारखं वातावरण व्हावं म्हणून मी दोन नाटकवाल्यांना बोलावणार होते, त्यांच्या मानधनाला अर्जात जागाच नव्हती. खर्चाचे रकाने तीनच : काडतुसे, कानाची बोंडे, लक्ष्यफलक. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "यांना लक्ष्यफलकात दाखवू का?"

"माणसांना?"

"फक्त खर्चापुरतं हो, मॅडम."

मी फाइल उचलून बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये माझा आवाज चढला होता, असं बरोबरचा हवालदार नंतर म्हणाला. मला आठवत नाही.

फाइल हलली ती वेगळ्याच कारणाने. अमेरिकेतल्याच लुइव्हिल शहरात अशा प्रशिक्षणाचा अभ्यास झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. बळाचा वापर २८ टक्क्यांनी कमी झाला, नागरिकांच्या दुखापती २६ टक्क्यांनी, आणि पोलिसांच्या ३६ टक्क्यांनी. हा शेवटचा आकडा मी पहिल्या ओळीत आणला. तुम्हीही तसंच करा. मी तो तिसऱ्या पानावर ठेवण्याचा मूर्खपणा केला होता. सही झाली, मानधन 'इतर'मध्ये गेलं. आणि रकाना ९? एका जुन्या कारकुनाने हळूच सांगितलं, "शून्य नको, निरंक लिहा." निरंक लिहिलं. चाललं! अडीच महिने त्या एका शब्दापायी.

वर्गात हमखास कुणीतरी एकवीस फूट काढतं. डेनिस ट्युलर या पोलीस प्रशिक्षकाने १९८३ साली मांडलेला हिशेब : चाकूवाला माणूस २१ फूट साधारण दीड सेकंदात पार करतो. खरं आहे. पण त्यावरून 'हत्यार आधीच काढा' एवढंच शिकायचं का? मागे सरका, मध्ये गाडी किंवा टेबल घ्या. अंतर आणि आडोसा मिळाला की वेळ मिळतो, आणि बोलायला लागतो तो वेळच. वाद घालू नका, करून दाखवा.

आमच्या प्रात्यक्षिकात ती नटी भिंतीला टेकून बसली होती, हातात बोथट कात्री. पहिला उमेदवार धिप्पाड, मनाने चांगला. दोन मिनिटांत तो नऊ वेळा "शांत व्हा" म्हणाला, मी मोजलं. प्रत्येक वेळी तिची मूठ आणखी घट्ट. मागून जोडीदारही बोलायला लागला, खांद्यावरचा वायरलेस खरखरत होताच. मी थांबवलं. दुसऱ्या फेरीत त्याने आधी वायरलेसचा आवाज कमी केला, जोडीदाराला हाताने गप्प केलं, दोन पावलं मागे सरला, तळवे दिसतील असे धरले आणि म्हणाला, "मी इथेच थांबतो. काय झालं ते सांगाल?" नंतर तो गप्पच राहिला. आम्हालाच ती शांतता असह्य झाली. मग तिने कात्री मांडीवर ठेवली.

बोलणारा एकच असावा, हे पहिल्या तासातच पक्कं करून घ्या. पाळता येणार नाही ते वचन द्यायचं नाही. कुणाला आवाज ऐकू येत असतील तर 'तसं काही नाही' म्हणू नये. 'मला ऐकू येत नाहीत, तुम्हाला येताहेत हे कळतंय' एवढं म्हणावं. एका वेळी एकच सूचना. जीव द्यायचा विचार आहे का, हे सरळ विचारावं; विचारल्याने तो डोक्यात भरत नाही.

आणि हो, नाटकवाल्यांबरोबर थांबण्याचा एक शब्द आधीच ठरवा. आम्ही विसरलो होतो, आणि ती खरंच रडायला लागली तेव्हा अभिनय कुठे संपला हे कुणालाच कळेना. दुसऱ्या तुकडीचा अर्ज कालच गेला. शब्द ठरलाय : निरंक.