समुद्राकडे तोंड करून

नागपूर, रविवार रात्र

आम्ही दोघं रत्नागिरीकडे जाऊन आलो, तर आज दिवसभर जो फोन आला त्यात एकच प्रश्न. काय काय पाहिलं? थिबा पॅलेस झाला का, रत्नदुर्ग चढलात का, पावसला जाऊन आलात का? जाऊबाईंनी तर निघतानाच यादी हातात ठेवली होती. मी खरं तेच सांगितलं. गणपतीपुळ्याला दर्शन घेतलं, बाकी सगळा वेळ घरात बसून होतो. एवढ्या दूर जाऊन घरातच? हो, घरातच. आणि या जाण्याने मी जितकी निवाले तितकी आधीच्या कुठल्याच प्रवासाने निवाले नव्हते, म्हणून सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता आरे-वारेपाशी डोंगर चढतो. वर एका वळणावर दोन्ही किनारे एकदम दिसतात, सुरूच्या बनासकट. आमचा व्हिला त्याच भागात, उतारावर. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, समोर रुंद व्हरांडा, त्यात झोपाळा. व्हरांड्याच्या खाली काजूची नि आंब्याची झाडं आणि त्यांच्याखाली थेट पाणी. मुलाने बुकिंग करून दिलं तेव्हा मला वाटलं होतं, फोटो आहेत म्हणून सुंदर दिसत असेल. फोटोत आवाज नव्हता. लाटांचा आवाज पहिल्या रात्री झोपू देत नाही, दुसऱ्या रात्री त्याच्याशिवाय झोप येणार नाही असं वाटतं.

आता ह्यांच्याबद्दल लिहायला हवं, कारण ही सहल खरी त्यांची होती. हे पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी लेव्हली घेण्यात, म्हणजे जमिनीची उंची मोजण्यात गेली. वैनगंगेकडच्या कालव्यांवर उन्हातान्हात तिपाईवर दुर्बीण लावून उभं राहायचं, समोर खलाशी, म्हणजे मदतीचा माणूस, स्टाफ नावाची उभी मोजपट्टी धरून, आणि वहीत आकडे. त्यातला प्रत्येक आकडा समुद्रसपाटीपासूनचा. आपल्या झिरो माइलजवळच्या १९०७ सालच्या दगडावरसुद्धा नागपूरची उंची कोरलेली आहे, समुद्रसपाटीपासून १०२० फूट आणि वर काही. मुलं लहान असताना हे त्यांना तिथे नेऊन तो आकडा दाखवायचे. पण ज्याच्यापासून सगळं मोजलं त्या समुद्राशेजारी निवांत बसणं ह्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मुंबईला लग्नाकार्याला गेलो की चौपाटीवर एक चक्कर, तेवढंच.

तर पहिल्या सकाळी उठून बाहेर आले तर हे कठड्याशी उभे. म्हटलं, काय करून राहिले? म्हणाले, "काही नाही, पाहून राहिलो. तो काळा खडक दिसतो ना, तो बुडायला आला." चहा होईपर्यंत खडक बुडाला. ह्यांनी खिशातल्या डायरीत वेळ लिहिली. मग मलाही बसवलं. दुपारी पाणी इतकं मागे गेलं की खडकाच्या पुढे आणखी दोन खडक उघडे पडले, त्यांच्यावर बगळे येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी तोच खडक जवळपास पन्नास मिनिटं उशिरा बुडाला. हे अगदी खुलले. चंद्र रोज थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला तेवढा वेळ जास्त फिरावं लागतं, म्हणून भरती रोज मागे पडते, हे त्यांनी मला डाव्या मुठीभोवती उजवं बोट फिरवून समजावलं. पौर्णिमा जवळ येत होती, त्यामुळे पाणी रोज आदल्या दिवसापेक्षा वर चढायचं आणि ओहोटीला जास्त खाली जायचं. म्हणजे समुद्र सपाट असा कधी नसतोच! मग ते समुद्रसपाटी कोणती धरता, असं मी विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्या कामाबद्दल विचारलेला हा बहुधा पहिला नीट प्रश्न. देशाची जुनी पातळी १९०९ साली ठरली, कराची, मुंबई, कारवारपासून मद्रास, विशाखापट्टणमपर्यंत नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून. कुणीतरी वर्षानुवर्षं बसून पाणी मोजलं, तेव्हा आमचे कालवे झाले, असं हे म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला होता.

असे आम्ही बसायचो. झोपाळ्यावर दोघं, तोंडं समुद्राकडे. घरी आम्ही समोरासमोर बसतो ते जेवायला, आणि बोलणं म्हणजे गॅसचा नंबर लावला का, कूलरच्या ताट्या बदलायच्या, नळ किती वाजता येणार. तिथे त्यातलं काहीच बोलायला नव्हतं. मधे बराच वेळ कुणी बोललं नाही तरी अवघडायला होत नव्हतं. एकमेकांकडे न पाहता बोललं की माणूस जास्त मोकळा होतो, हे मला आता पटलं आहे. एका संध्याकाळी हे आपणहून म्हणाले, साइटवर असताना रात्री एसटीडी बूथच्या रांगेत उभे राहायचे, उशिरा दर कमी व्हायचे म्हणून. नंबर येईपर्यंत वाटायचं, आता मुलं झोपली असतील, तूही दमून झोपली असशील, कशाला उठवायचं. मग तसेच क्वार्टरवर परत. मी म्हटलं, मी जागी असायची हो. फोन वाजेल म्हणून बैठकीतच अंथरूण टाकायची. ह्यांना हे माहीत नव्हतं. मला त्यांचं माहीत नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच राहिलो.

अंधारही तिकडे उशिरा पडतो. आपल्याकडे सूर्य मावळून जातो त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी रत्नागिरीत मावळतो, इतके ते पश्चिमेला आहेत. ही वाढीव वेळ मला फार आवडली.

घर सांभाळणाऱ्या काकू रोज पायऱ्या चढून यायच्या. मी त्यांच्यासाठी मृग बहाराची संत्री आणि संत्रा बर्फी नेली होती. त्यांनी ओल्या काजूची उसळ केली. ओला काजू सोलताना हाताला चीक लागतो, कातडी निघते, तरी त्या माझ्यासाठी सोलत बसल्या. सोबत तांदळाची भाकरी, सोलकढी. सावजीच्या तिखटावर वाढलेल्या ह्यांनी एकदाही तर्री मागितली नाही, यातच काय ते आलं.

गणपतीपुळ्याला मात्र गेलो. तिथे डोंगरालाच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नसते, आख्ख्या डोंगराला असते, साधारण एक किलोमीटरची. सावकाश चालत पूर्ण केली. ह्यांचा गुडघा दुखतो, पण एकदाही थांबू म्हणाले नाहीत.

जाऊबाईंची यादी वाईट नव्हती. ज्यांना हिंडायचं त्यांनी जरूर हिंडावं. पण आमच्या वयाच्या, नोकरी आणि मुलांपायी अर्धा संसार दोन गावांत केलेल्या जोडप्यांना मी आग्रहाने सांगेन की एकच घर घ्या, गाडी परत पाठवा आणि तिथून हलू नका.

येताना कोकण रेल्वेची गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली तेव्हा हे म्हणाले, पावसाळ्यात यायचं, अमावस्या पाहून, तेव्हाही पौर्णिमेसारखीच मोठी भरती असते. आज जेवण झाल्यावर त्यांनी काकूंना फोनच लावला. त्या म्हणाल्या, पावसात व्हरांड्यात झड येते, झोपाळा काढून ठेवतात, समुद्रात पाय घालू देणार नाही, आणि गाड्याही पावसाळी वेळापत्रकाने हळू चालतात. चालेल, म्हणाले. मागची खोली पण समुद्राकडेच उघडते ना, एवढं तेवढं विचारून घेतलं, आणि आता कालनिर्णय उघडून आषाढातली अमावस्या शोधत बसले आहेत.