‘त्याच्या’ लिहिताना दुखणारं बोट

गेल्या जानेवारीत माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट दुखायला लागलं. मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. करारनामे, औषधांची माहितीपत्रकं, शासकीय कागद असं काम असतं, आणि दिवसाचे सात-आठ तास इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत टाइप करणं होतं. आधी वाटलं, थंडीनं आखडलं असेल. पण फेब्रुवारी उजाडला तरी चहाच्या कपाचा कान धरताना जीव जायचा. डॉक्टरांनी तपासलं, शेक आणि व्यायाम सांगितले, शक्य तितकी विश्रांती घ्या म्हणाले. पण काम बंद ठेवण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती.

एका रात्री मी कागद घेतला आणि कोणतं अक्षर कोणतं बोट दाबतं ते लिहीत गेले. ‘त्याच्या’ या शब्दापाशी थांबले. त उजव्या अनामिकेनं. त्याचा पाय मोडायला डाव्या हाताचं मधलं बोट, इंग्रजी डीच्या कळेवर. य उजव्या करंगळीनं, अगदी खालच्या ओळीत. काना पुन्हा डाव्या मधल्या बोटानं, ईच्या कळेवर. मग च करंगळीनं, पाय मोडणं मधल्या बोटानं, य करंगळीनं, काना मधल्या बोटानं. आठ ठोके. त्यातले चार एकट्या मधल्या बोटाचे, तीन करंगळीचे. दोन्ही तर्जन्या आणि दोन्ही अंगठे नुसते बसून.

माझ्या, तुमच्या, केलेल्या, येण्याच्या, गेल्या. मराठीत षष्ठीचा आणि भूतकाळाचा निम्मा गाडा या ‘्या’वर चालतो. माझं बोट का दुखतं, ते त्या रात्री समजलं.

यात इनस्क्रिप्टचा दोष आहे असं मला वाटत नाही. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ही मांडणी ठरवली, १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली, आणि आजही तिच्याइतकी नीट विचार केलेली दुसरी मांडणी माझ्या पाहण्यात नाही. वरच्या दोन ओळींत डावीकडे काना-मात्रा-वेलांट्या, उजवीकडे व्यंजनं. म, न, व तेवढे डावीकडे खालच्या ओळीत. त्यामुळे बहुतेक शब्दांत हात आलटून पालटून चालतात. म्हणजे मांडणी मुळातच दोन हातांत वाटलेली आहे, एकसंध आहे तो फक्त कीबोर्ड. तेव्हा कीबोर्डच दोन तुकड्यांत का नसावा? दोन्ही हात खांद्याइतक्या अंतरावर राहतील, मनगटं सरळ राहतील, आणि पाय मोडायचं काम अंगठ्याकडे देता येईल.

असे दुभंगलेले कीबोर्ड जगात पुष्कळ आहेत. कॉर्न म्हणून एक आहे, ४२ कळांचा. सोफल ५८ कळांचा. त्यांचे आराखडे खुले आहेत, कुणीही बनवून घेऊ शकतं. मी आधी कॉर्नच बनवणार होते. पण त्याच्या उजव्या भागात सहाच उभ्या रांगा. ट आणि ड सहाव्या रांगेत बसतात, पण ‘ॉ’ची कळ आठव्या रांगेत आहे, ती बाहेर राहते. डॉक्टर, कॉलेज, हॉस्पिटल, ऑर्डर हे शब्द माझ्या कामात दर पानावर येतात. दर वेळी दोन कळा एकत्र दाबून ‘ॉ’ काढायचा म्हणजे एक दुखणं घालवून दुसरं आणणं. नुक्ता मला मराठीत लागत नाही, म्हणून त्याची जागा वगळून ‘ॉ’ अलीकडे ओढता येत होता. मग ठरवलं, सात रांगांचा स्वतःचाच आराखडा करायचा. माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आहे. बारा वर्षांत डाग द्यायची (सोल्डरिंगची) इस्त्री हातात धरली नव्हती, एवढंच.

आराखडा कीकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये केला, ते फुकट मिळतं. दोन कळांच्या मध्यांतलं अंतर १९.०५ मिलिमीटर, स्विच बसायचं भोक १४ मिलिमीटरचं चौकोनी. ही मापं ठरलेली आहेत. आपल्या हातात असतं ते रांगा वरखाली सरकवणं. मधलं बोट लांब म्हणून ती रांग वर, करंगळी आखूड म्हणून तिची खाली. किती खाली, हे पडद्यावर बघून ठरत नाही. मी ए-फोर कागदावर छापून टेबलाला चिकटवलं आणि त्यावर बोटं ठेवली. पहिली प्रत चुकली, कारण प्रिंटरनं पानात बसवायला सगळं थोडं लहान केलं होतं. पहिल्या रांगेच्या मध्यापासून सातवीच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर पट्टीनं मोजून ११४.३ मिलिमीटर भरतं का, हे बघायची सवय तेव्हापासून लागली.

आई बाजूला भाजी निवडत होती. तिनं नागपूरच्या महाल भागात पंचवीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली आहे. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, “काऊन गं, कागदावर काय टाइप करून राहिली?” मी समजावून सांगितलं. तिनं हात पुसले आणि दोन्ही हात कागदावर ठेवले. तिची करंगळी माझ्यापेक्षा आखूड. “हे बोट आणखी खाली घे. मुली पहिल्या महिन्यात याच बोटाची तक्रार करायच्या.” मी ती रांग आणखी पाच मिलिमीटर खाली आणली, आणि नवल म्हणजे मलाही तेच सोयीचं वाटलं. चार वेगवेगळ्या हातांखाली कागद ठेवून मग आराखडा बंद केला.

दोन्ही भागांना एकच सर्किट बोर्ड वापरायचा, उजव्यासाठी सरळ आणि डाव्यासाठी उलटा, ही जुनी युक्ती आहे. कारखाने कमीत कमी पाच बोर्ड देतात, दोन वेगळे आराखडे दिले तर पाच-पाच घ्यावे लागतात. सातवी रांग डावीकडे नको होती, म्हणून तिथे बारीक भोकांची ओळ टाकली. त्या रेषेवर पक्कडीनं वाकवलं की रांग तुटून येते. उजवीकडे २४ कळा, डावीकडे २१, एकूण ४५. बोर्ड शेन्झेनहून एप्रिलमध्ये आले, वर सीमाशुल्क पडलं. डायोड आणि सॉकेट मी बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून आणि थोडे ऑनलाइन घेतले.

डायोडची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण हा कीबोर्ड बनवणारा कुणीही तिथेच अडकेल. प्रत्येक कळेला एक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) लागतो, नाहीतर तीन कळा एकदम दाबल्या की न दाबलेली चौथीही उमटते. काचेची इवलीशी नळी, तिच्या एका टोकाला काळा पट्टा. तो पट्टा बोर्डावरच्या चौकोनी टिकलीकडे, म्हणजे डाग द्यायच्या चौकोनी जागेकडे, आला पाहिजे. डाव्या भागाचे २१ मी बरोबर लावले. त्यात पट्टे सगळे डावीकडे होते. मग उजव्या भागासाठी बोर्ड पालटला आणि हाताच्या सवयीनं पुन्हा सगळे पट्टे डावीकडेच लावले. बोर्ड पालटल्यावर चौकोनी टिकली उजवीकडे गेलेली, ते बघितलंच नाही. रात्री दीड वाजता जोडून पाहिलं तर डावा भाग बोलतोय, उजवा मुका. क्यूएमके या कीबोर्डच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डायोडची दिशा बदलायची सोय आहे, पण ती दोन्ही भागांना एकच लागते. त्यामुळे चोवीसच्या चोवीस डायोड काढून, पालटून पुन्हा लावले. दोन संध्याकाळी गेल्या. एक टिकलीही उखडली, तिथे तारेचा तुकडा टाकला.

आणखी एक. दोन भागांना जोडणारी जी हेडफोनसारखी केबल असते, ती यूएसबी चालू असताना काढायची किंवा घालायची नाही. पिन आत सरकताना एकमेकींना टेकतात आणि कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड चालवणारी चिप, जळू शकतो. मी झाकणाच्या आत लाल अक्षरात तसं लिहून चिकटवलं आहे.

झाकण एका मुलाकडून थ्रीडी प्रिंट करून घेतलं. मे महिना होता. बर्डीवर गाडी उन्हात लावली, झाकणं डिकीत. दोन तासांनी आले तर दोन्ही पापडासारखी वाकलेली. त्या मुलाला दाखवलं तर म्हणाला, “ताई, हे पीएलए हाय. साठ डिग्रीला नरम पडते. आपल्याकडच्या उन्हात डिकीत नाही ठेवत.” मग पीएलएऐवजी पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये करून घेतली. ती ऐंशीच्या आसपासपर्यंत टिकतात. नागपुरात राहणाऱ्यानं पीएलएच्या वाटेला जाऊच नये.

सगळ्यात जास्त विचार अंगठ्याच्या कळांवर केला. प्रत्येक हाताला तीन. उजव्या अंगठ्याला स्पेस, डाव्याला पाय मोडायची कळ. खरं तर कीबोर्ड कॉम्प्युटरला अजूनही ‘डी दाबलं’ असंच सांगतो. त्याचं ‘्’ करणं हे विंडोजचं काम. म्हणून इंग्रजी चालू असताना तोच अंगठा डी उमटवायचा. सुरुवातीला विंडोजची भाषा आणि त्या अंगठ्याचं काम एकाच कळेनं बदलत होते, पण कॉम्प्युटर कोणत्या भाषेत आहे हे कीबोर्डला समजत नाही. मध्येच माउसनं भाषा बदलली की दोघांची फारकत व्हायची. शेवटी विंडोजमध्ये मराठीला एक आणि इंग्रजीला एक असे स्वतंत्र शॉर्टकट ठरवून घेतले आणि अंगठ्याच्या दोन वेगळ्या कळांवर ठेवले. मराठीची कळ दाबली की मराठीच, आधी काहीही असो.

जुलैपासून मी यावरच काम करते. पहिले दहा दिवस वेग अर्ध्यावर आला, तिसऱ्या आठवड्यात परत आला. आता ‘त्याच्या’ लिहिताना पाय अंगठा मोडतो, मधल्या बोटाला दोनच ठोके उरतात. बोट दुखायचं थांबलं सप्टेंबरात.

मग वाटलं, माझ्यासारखं बोट आणखी किती जणांचं दुखत असेल? एकटीसाठी सगळं मिळून साडेनऊ हजार गेले होते. दहा जण असतील तर वीस बोर्ड एकदम मागवता येतील, खर्च बराच खाली येईल. व्हॉट्सॲपच्या दोन ग्रुपवर फोटो टाकून विचारलं, घ्याल का? चाळीसच्या वर अंगठे आले. किंमत सांगितल्यावर त्यातले तीन उरले. तेव्हा पद्धत बदलली. कीबोर्ड स्टीलच्या जेवणाच्या डब्यात घालून लोकांकडे नेऊ लागले. टेबलावर मांडायचा, लॅपटॉप जोडायचा आणि त्यांच्या रोजच्या कामातला एक परिच्छेद टाइप करायला द्यायचा. ‘घ्याल का’ असं विचारायचंच नाही. ‘आठवडाभर ठेवाल का’ एवढंच विचारायचं.

सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाबाहेर बसणाऱ्या एका टायपिस्टकाकांनी पाच मिनिटं बोटं फिरवली आणि विचारलं, “ताई, रेमिंग्टन चालते का याच्यावर?” रेमिंग्टन म्हणजे जुन्या टायपरायटरची मांडणी. हा प्रश्न मी धरलाच नव्हता. लग्नपत्रिकांचं डीटीपी करणाऱ्या दोघांनीही तेच विचारलं. टायपरायटरवर शिकलेल्यांच्या बोटांत ती मांडणी मुरलेली आहे. तिथे अर्ध्या त-ला, अर्ध्या च-ला वेगळ्या कळा असतात, त्यामुळे माझी अंगठ्याची कळ त्यांच्या उपयोगाची नाही. शिवाय त्यांना आकड्यांची ओळ लागतेच, तिथेही अक्षरं असतात. माझ्या कीबोर्डला ती ओळच नाही. टायपिंगची परीक्षा देणाऱ्या मुलींना आवडला, पण परीक्षेत केंद्रावरच्या कीबोर्डवरच बसावं लागतं म्हणून त्या नको म्हणाल्या. त्यांचं बरोबरच आहे.

मिहान या नागपूरच्या आयटी-औद्योगिक भागातल्या दोन प्रोग्रॅमर मुलांना हवा होता, पण मराठीसाठी नाही. एका अनुवादक मैत्रिणीनं मात्र आठवड्यानंतर परत द्यायला टाळाटाळ केली. आणि आईनं वेगळीच गोष्ट दाखवली. माझे स्विच लाल, ४५ ग्रॅमचे. तिची बोटं कळांवर टेकलेली असतात, टायपरायटरवर तसं चालतं, इथे आपोआप अक्षरं उमटायची. स्विच सॉकेटमध्ये असल्यामुळे उपटून टॅक्टाइल, म्हणजे दाबताना मध्येच अडल्याचं बोटाला जाणवणारे, बसवले. आता मी सोबत दोन प्रकारचे नेते.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं. ओळखीच्या एका पत्रकारानं, तो इनस्क्रिप्टवालाच, अधिवेशनापुरता कीबोर्ड मागितला. दिवसाला चार-पाच बातम्या, मनगट आधीच दुखरं. अधिवेशन संपलं आणि फोन आला, “आणखी चार दिवस ठेवू का?” मी म्हटलं, पाचशे रुपये भर आणि नाव लिही, स्वतःचा मिळेल. त्यानं लगेच भरले. असे पैसे भरलेले आता सात जण आहेत. त्यातल्या चौघांना आकड्यांची ओळ हवी आहे.

म्हणून दुसरा आराखडा सुरू केला आहे, चार ओळींचा. गेल्या रविवारी छापला, पट्टीनं मोजला, टेबलाला चिकटवला. आई आतून चष्मा घेऊन आली. वाकून वरची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटानं मोजली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, “हं, आता झाला कीबोर्ड. सरक जरा, माझे हात ठेवून पाहते.”