तुम्ही विचारलंत म्हणून: सापाच्या पिल्लाचे पट्टे मोठेपणी जातात कुठे?

मी साप पकडून सोडणारा सर्पमित्र, त्यामुळे पावसाळा लागला की रोज सकाळी व्हॉट्सॲपवर कुणीतरी बादलीतल्या सापाचा फोटो टाकतं, खाली ठरलेला प्रश्न, "दादा, हा चार्टवर नाहीये, कुठलाय?" साप ओळखायच्या त्या चार्टवर असतो हो, पण तिथे त्याचे आईबाप असतात. मग पुढचा प्रश्न, मोठा झाल्यावर रंग बदलतो का? पुण्यात सिंहगड रोडवरच्या लोकांना हे इतक्या वेळा टाईप करून सांगितलंय की आता एकदाच लिहून टाकतो.

बदलतो, पण सगळ्यांचा नाही. घोणशीचं पिल्लू म्हणजे घोणसच, छोट्या साईझमधली, पाठीवरची साखळीसारखी नक्षी तीच फक्त जास्त उठावदार. धामणीचं पिल्लू मात्र राखाडी-हिरवट, पुढच्या अंगावर फिकट आडवे पट्टे, मोठी तपकिरी धामण बघितलेल्या माणसाला सांगूनही पटत नाही. गवत्या सापाच्या पिल्लाच्या मानेवर काळी खूण आणि तिला लागून पिवळाधमक पट्टा, त्यावरून "नागाचं पिल्लू" म्हणून कॉल येतात, आणि मोठा झाला की तोच नुसता हिरवागार. मांडूळ लहानपणी तांबूस-नारिंगी, शेपटीकडे काळे पट्टे, नंतर सगळं मातकट.

कात टाकली की नवा रंग येतो असं बऱ्याच जणांना वाटतं. माळ्यावर सापडलेली कात उजेडाकडे धरून बघा, जवळजवळ पारदर्शक असते, नक्षीची फारतर पुसट छाया. खऱ्या रंगाच्या पेशी तिच्या खालच्या कातडीत असतात आणि वाढीबरोबर हळूहळू बदलत जातात, एका रात्रीत काही होत नाही. आणि पट्टे कशाला? तर लहान जीव कावळा, मुंगूस, अगदी कोंबडीसुद्धा खाते, पट्ट्यांमुळे अंगाचा आकार तुटक दिसतो आणि पालापाचोळ्यात खपून जातो, असं मानतात.

हे सगळं गमतीचं, पण मण्यारीपाशी गंमत संपते. आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं, पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरत गेले तर कवड्या, बिनविषारी, आणि शेपटीकडे ठळक, मानेकडे गायब तर विषारी मण्यार. मोठ्या मण्यारीला हे बरोबर लागू होतं कारण तिचे पुढचे पट्टे वयाबरोबर पुसट होत जातात. पिल्लाचे पुढेही स्पष्ट असतात! एकदा एका काकांनी हाच नियम लावून वीतभराहून जरा मोठं पिल्लू झाडूने सुपलीत ओढलं, वर मला फोन, "कवड्याच आहे, सावकाश या." मीपण सावकाशच गेलो, चहा पिऊन. टॉर्च मारला तर पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग, अगदी मणी ओवल्यासारखी. कवड्याला ती नसते. विष पिल्लालाही जन्मापासून असतं, आणि काका चप्पल घालून तिथेच उकिडवे बसलेले.

तेव्हापासून फोटो आला की मी रंग सोडून आधी लांबी विचारतो आणि पाठीचा फोटो मागतो, तोही लांबून, झूम करून. आणि चहा नंतर.