फटी दिसतात, तरी भरत का नाही?

जानेवारीत आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये जो येतो तो बोटीच्या पोटाशी वाकतो, फळ्यांच्या सांध्यांतून आरपार उजेड बघतो आणि म्हणतो, "ताई, एवढ्या फटी पडल्यात, लांबी (फटी बुजवायची पुट्टी) भरून का टाकत नाही?" उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर नाही ते, म्हणून मी बहुतेक वेळा चहा विचारते. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. त्या फटी नाशिकच्या हिवाळ्याने पाडल्यात, आणि आत्ता भरल्या तर बोट मोडेल.

बोट जुनी आहे. चौदा फुटी, एका शिडाची, सागवानी. फळ्या कडेला कड भिडवून बसवलेल्या, मधल्या खाचेत सुताचा पीळ ठोकलेला, वरून लांबी. बघणाऱ्याला वाटतं पाणी लांबीमुळे अडतं. खरं काम लाकूड करतं. ते फुगतं, सुताला दोन्हीकडून आवळतं, आणि सांधा बंद होतो.

लाकूड टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. साग त्यातल्या त्यात शांत. तरीही १५ सेंटिमीटर रुंदीची फळी, पाण्यात पुरी फुगलेली आणि इथल्या कोरड्या हवेत सुकलेली, यांत दोन-अडीच मिलिमीटरचा फरक पडू शकतो. फळ्या एका ओळीत किती आहेत ते बघा आणि बेरीज करा. आता या सुकलेल्या अवस्थेत फट ठासून भरली, तर पाण्यात गेल्यावर फळीला फुगायला जागाच उरत नाही. ती शेजारच्या फळीला रेटते, ती पुढचीला, आणि शेवटी कुठेतरी सुटतंच. तांब्याचे खिळे ओढले जातात, नाहीतर आतल्या फासळ्या तडकतात. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात चाक वाळून त्यावरची लोखंडी धाव सैल झाली की चाक आधी ओढ्यात भिजत पडायचं, बाकीचं नंतर.

यावर दुसरा प्रश्न ठरलेला. मग पाण्यातून बाहेर काढताच कशाला, इथे काय बर्फ पडतो? बर्फ नाही पडत. पण पावसाळाभर लाकूड इतकं ओलं असतं की त्यावर रंग धरत नाही, आणि बोटीच्या आत साचलेलं पावसाचं पाणी फार वाईट. कोकणातल्या होड्यांना खाऱ्या पाण्यातला, लाकूड पोखरणारा किडा छळतो (तो खरा शिंपल्यांच्या जातीचा). धरणाच्या गोड्या पाण्यात तो नाही. पण खारं पाणी लाकूड थोडंफार राखतं, गोडं पाणी कुजवतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली गेला की कुजवणारी बुरशी वाढत नाही, आणि ते काम आमच्याकडची डिसेंबरची हवा फुकट करते.

फक्त त्या हवेला लाकूड पार वाळवू द्यायचं नाही. म्हणून शेडची वाऱ्याकडची बाजू ताडपत्रीने बंद, बोट जमिनीपासून उंच ठोकळ्यांवर (वाळवीला बोट आणि दाराची चौकट सारखीच), आणि तळाचं तपासून झालं की आत कण्यावर (तळाच्या मधोमध लांब जाणाऱ्या लाकडावर) खडेमिठाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं. मीठ ओल धरून ठेवतं आणि बुरशीलाही आवडत नाही.

मोठं काम कूज शोधण्याचं. रंगावरून काही कळत नाही. टोच्या घेऊन फासळ्यांची टोकं, नाळेजवळचा (पुढच्या टोकाचा) कोपरा, डोलकाठीचा पाया, सगळीकडे टोचत जायचं. चांगल्या लाकडात टोक अडतं, कुजक्यात लोण्यासारखं आत शिरतं. फळीचा तुकडा बदलायचा तर मी नवा साग घेत नाही. जुन्या नाशकातले वाडे पडले की त्यांच्या तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत येतात, आणि इतका मुरलेला साग पैसे देऊन मिळत नाही. फासळ्यांना बाभळ, तीही जन्मतःच वाकडी. कापून वाकडी केलेली नको, लाकडाची रेषा तुटते. तांब्याच्या खिळ्यांमागच्या चकत्या इथल्याच तांबटाकडून. त्या लोखंडी चालत नाहीत, कारण दोन धातू ओले एकत्र राहिले की लोखंड आधी मरतं. आमचे मिस्त्री दारं-खिडक्यांचे. बोटीत एकही काटकोन नाही म्हणून पहिल्यांदा वैतागले होते, आता मलाच शिकवतात.

"इतकी जुनी, टाकून द्या" म्हणणारेही भेटतात. त्यांना मी 'त्रिंकोमाली'चं सांगते. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने १८१७ साली मुंबईत सागवानात बांधलेली ही युद्धनौका आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे.

व्हार्निशला वेळ पाळावी लागते. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत तर फारच. लाकूड ऊन खाऊन कोमट झालं की हात मारायचा आणि दुपारी तीनच्या आत ब्रश धुवायचा. उशीर झाला तर पहाटेचं दव बसतं आणि चकाकी जाऊन पांढुरकी झाक उरते. इपॉक्सी गोंदाचंही तेच, दहा अंशांच्या खाली ते धड वाळत नाही. शीड आणि दोर ही घरात बसून करायची कामं, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

फेब्रुवारी सरता सरता बोट गंगापूर धरणाच्या काठी नेते, उथळ पाण्यात दोराने बांधते आणि बुडू देते. अक्षरशः. फटींतून पाणी आत येतं, काठोकाठ भरतं, आणि बघ्यांना फार आनंद होतो. लाकूड असल्यामुळे ती तळाशी जात नाही, पाण्याच्या पातळीला तरंगत राहते. दोन-तीन दिवसांनी बादलीने उपसायची. तोवर बहुतेक सांधे मिटलेले असतात. जे अजून झिरपतात तिथे बाहेरून, पाण्याखाली, मूठभर बारीक भुसा धरायचा. आत ओढलं जाणारं पाणी भुसा बरोबर नेतं आणि तो तिथेच अडकतो.

त्यानंतरही पाणी येत राहिलं तर तिथे दोष आहे. त्यावर आतून तेलखडूने खूण करायची, पुढच्या हिवाळ्यात तेवढंच सूत उपटून नवं भरायचं, तेही हलक्या हाताने. यंदा अशी खूण एकच आहे, कण्याला लागून, डावीकडे.