रिकामा रकाना

एरर आली असती तर मला कोणी बोलावलंच नसतं.

सांगली भागातल्या एका कॉलेजचं प्रवेश आणि फीचं सॉफ्टवेअर पीएचपी या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेच्या ५.६ आवृत्तीवर चालत होतं. त्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट २०१८ च्या अखेरीस बंद झाले, तरी होस्टिंगवाल्याने पुढे बरीच वर्षं ती चालू दिली आणि मग एकदम सर्व्हर ८ वर नेला. जे मोडायचं ते लगेच मोडलं. डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स ७ मध्येच काढून टाकलेली, 'ईच' नावाचं फंक्शन ८ मध्ये गेलेलं. कॉलेजने धरलेल्या तरुण मुलाने ते सगळं नीट बदललं. रिअ‍ॅक्ट-नोड या जावास्क्रिप्टच्या साधनांवर वाढलेला, पण हुशार. पावत्या निघू लागल्या, सगळे खूश.

मग फीचा हिशेब पाहणाऱ्या भाऊसाहेबांचा हिशेब जुळेना. काही पावत्यांवर फी निम्मीच येत होती.

मी पोचले तेव्हा खिडकीशी पालकांची रांग होती. भाऊसाहेबांनी दोन पावत्या पुढे सरकवल्या. मुली एकाच वर्गातल्या, सवलत दोघींनाही नाही, तरी एकीला पूर्ण फी आणि दुसरीला अर्धी.

"फॉर्म कुणी भरले?"

"हिचा आम्हीच भरला. तिनं घरून, मोबाइलवर."

तिथेच शंका आली. ऑफिसात सवलतीच्या रकान्यात शून्य टाकायची पद्धत. घरून भरणारी मुलं तो रकाना तसाच सोडतात, म्हणजे डेटाबेसात रिकामी स्ट्रिंग, एकही अक्षर नसलेला मजकूर, जाते. कोडात दोन 'बरोबर'ची चिन्हं लावून सवलत शून्याशी ताडलेली: जुळली तर पूर्ण फी, नाहीतर अर्धी. ७ च्या मालिकेपर्यंत पीएचपी रिकामी स्ट्रिंग आणि शून्य समान धरायची. २०२० मध्ये आलेल्या ८ मध्ये ती धरत नाही. हे कुठे ओरडून सांगत नाही, लॉगही स्वच्छ. त्या मुलाने टेस्टिंग केलं होतं, पण ऑफिसने भरलेल्या नोंदींवर.

ती ओळ बदलायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागला. तसल्या बाकीच्या तुलना शोधता शोधता मात्र संध्याकाळ झाली. सगळ्यात वाईट सापडली दाखल्यांत: थकबाकीचा रकाना रिकामा असलेल्या मुलांना 'बाकी आहे' म्हणून टीसी अडवला जात होता. एक बाप त्यासाठी दोनदा एसटीने येऊन गेला होता म्हणे.

कोड बदलणारा तो मुलगा शेजारीच बसून होता. म्हणाला, "मॅडम, पीएचपीला आता मार्केट आहे का? सगळे नको म्हणतात."

मी म्हटलं, नुसतं 'पीएचपी येतं' लिहिलंस तर वर्डप्रेसची थीम बदलायची कामं येतील, आणि त्यात भाव पाडणारे ढीगभर आहेत. पुण्यातल्या कंपन्या लाराव्हेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क, टेस्ट लिहिणं, थोडं सर्व्हरचं काम असं एकत्र मागतात. आणि ही असली कामं, जिथे जुना कोड नव्या आवृत्तीवर न्यायचा असतो, ती जॉब पोर्टलवर दिसतच नाहीत; ओळखीतून फोन येतो, तोही आग लागल्यावर. रासमुस लेरडॉर्फने १९९५ मध्ये बाहेर आणलेल्या याच भाषेवर विकिपीडिया अजून चालते, हे त्याला माहीत नव्हतं. पण विकिपीडिया चालते म्हणून तुला नोकरी मिळत नाही, तेही सांगितलं.

निघताना भाऊसाहेबांनी बिल मागितलं. सॉफ्टवेअरचं हेड मार्चमध्येच संपलेलं. बराच विचार करून त्यांनी ते 'किरकोळ दुरुस्ती'त बसवलं, वसतिगृहाच्या नळांच्या बिलाखाली. रकमेत घासाघीस मात्र केली नाही.