शांत माणसांच्या शेतात

१४ सप्टेंबर, रविवार

काल फिनलंडमधल्या औलूहून गाडी काढून सुओमुस्साल्मीला गेले होते. अडीच तास नुसतं जंगल, पाइन, बर्च, मधे तळं, परत पाइन. ही एकच नगरपालिका पण क्षेत्रफळ मुंबईच्या जवळजवळ दहापट आणि माणसं सात हजारांच्या आसपास, आपल्याकडे एखाद्या मोठ्या सोसायटीत मावतील एवढी. रस्त्याकडेला घरं दिसत होती पण बऱ्याच घरांच्या दारात गवत गुडघ्यापर्यंत आलेलं, पोरं शिकायला नोकरीला गेली ती तिकडचीच झाली असणार. मला एकदम मामाचं कोकणातलं घर आठवलं, कुलूप लावलेलं, गणपतीपुरतं उघडणारं.

तिथलं मुख्य गाव अ‍ॅम्मॅनसारी, त्याच्या पुढे तीसेक किलोमीटरवर, पाच नंबरच्या हायवेला लागूनच, जे बघायला गेले होते ते शेत आहे. हिल्याइनेन कान्सा, म्हणजे शांत माणसं. जवळजवळ हजार बुजगावणी उभी आहेत! लाकडाच्या फुलीवर जुने कपडे चढवलेत आणि डोक्याच्या जागी गवतासकट उपटलेलं मातीचं ढेकूळ. याच गावचे रेयो केला, नृत्यदिग्दर्शक, त्यांनी हे केलंय आणि याचा अर्थ काय ते मुद्दाम सांगत नाहीत. वर्षातून दोनदा कपडे बदलतात, म्हणजे कोणीतरी हजार शर्ट हजार जॅकेटं एकेकाच्या अंगात घालत बसतं, हे मला फार मोठं वाटलं.

मी आत शिरले. ओल्या मातीचा वास आणि वारा आला की सगळ्यांच्या बाह्या एकदम हलतात, आवाज फक्त कापडाचा. एक छोटं होतं, लाल जॅकेटमधलं, माझ्या कमरेएवढं. त्याच्या डोक्यावरचं गवत वाळून डोळ्यांवर आल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं ही सगळी गाव सोडून गेलेलीच माणसं आहेत, कोणीतरी त्यांना परत आणून उभं केलंय.

नंतर राते रोडच्या तोंडाशी असलेलं हिवाळी युद्धाचं स्मारक पण बघायचं होतं, १९३९-४० मधलं फिनलंड आणि सोव्हिएत रशियाचं ते युद्ध १०५ दिवस चाललं म्हणून तिथे दिवसाला एक अशा १०५ घंटा टांगल्यात आणि त्या वाऱ्याने वाजतात. पण पाय निघत नव्हता. परत त्या लाल जॅकेटवाल्याकडे गेले, वाऱ्याने वरचं बटण निघालं होतं ते लावून दिलं आणि मग गाडीत बसले.