अ‍ॅपर्चर न जाणणारा कॅमेरा आणि ठिकाण जाणणारी ग्रिप

माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून छायाचित्रणाची आवड असलेले लोक हमखास एक प्रश्न विचारतात. "रेंजफाइंडर वापरता, फोकस हाताने करता, ऑटोफोकसचं नाव काढू देत नाही, मग त्याच कॅमेऱ्याच्या पोटाला ही जीपीएसची जाडजूड ग्रिप कशाला?" प्रश्नामागे थोडी थट्टा असते आणि ती रास्तही आहे. सोवळं नेसून बसलेल्या माणसाच्या मनगटावर स्मार्टवॉच दिसावं, तसा हा प्रकार आहे. आजवर मी उभ्या उभ्या काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. तोच प्रश्न तुम्हीही विचारलात, म्हणून आता ते नीट लिहून काढतो.

माझा कॅमेरा लायका एम, टाइप २४०. हा रेंजफाइंडर जातीचा, म्हणजे दोन खिडक्यांच्या आधारे समोरच्या वस्तूचं अंतर साधून हाताने फोकस करायचा कॅमेरा. तो २०१२ साली जाहीर झाला. त्याला जोडता येणारी 'मल्टिफंक्शन हँडग्रिप' त्याच पिढीची आहे. या ग्रिपमध्ये जीपीएसचा रिसीव्हर आहे, शिवाय फ्लॅशसाठी, यूएसबीसाठी आणि बाहेरून वीज घेण्यासाठी सॉकेटही आहेत. फ्लॅश मी वापरत नाही आणि यूएसबीची केबल दोनदा लावली असेल. म्हणजे मी ती बाळगतो ती निव्वळ जीपीएससाठी, हे आधीच कबूल करतो.

मी मुख्यतः वीरगळांचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांचे फोटो काढतो, आणि गेल्या काही वर्षांपासून कोकणातल्या कातळशिल्पांचे, म्हणजे जमिनीच्या कातळावर कोरलेल्या चित्रांचे. या दोन्ही गोष्टींना पत्ता नसतो. वीरगळ गावाच्या शिवेवर, देवळामागच्या करवंदीच्या जाळीत, नाहीतर ओढ्याच्या काठी अर्धा मातीत रुतलेला असतो. कातळशिल्प तर सड्यावर, जांभ्याच्या मैलोगणती पसरलेल्या सपाटीवर असतं. तिथे सगळा कातळ सारखाच दिसतो, खुणेला झाड नसतं, आणि वाट दाखवायला आलेला गुराखी "ह्या गडग्यापासून थोडं पुढं" एवढंच सांगतो. ते 'थोडं' कधी पन्नास पावलांचं असतं, कधी अर्ध्या तासाचं. पुढच्या खेपेला तोच गुराखी भेटेल याचीही खात्री नसते. फोटोत नक्षी टिपली जाते, पण ती कुठे आहे ते फोटोत येत नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळतो, कारण गंमत तिथेच आहे. या जातीच्या कॅमेऱ्याला स्वतःबद्दल फार कमी माहिती असते. लेन्सच्या माउंटवर सहा ठिपक्यांचा कोड असतो, तो वाचून लेन्स कोणती हे त्याला कळतं. परंतु मी अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) किती ठेवलं आहे हे त्याला ठाऊक नसतं, कारण लेन्सकडून ते सांगणारी कोणतीच जोडणी नाही. समोरच्या अंगाला एक बारीकसा प्रकाशमापक आहे. त्याने मोजलेला प्रकाश आणि लेन्समधून आत आलेला प्रकाश यांची तुलना करून कॅमेरा अ‍ॅपर्चरचा अंदाज बांधतो आणि तोच फोटोच्या नोंदीत लिहितो. मी ५.६ ठेवलेलं असताना त्याने ४.८ लिहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. फोकस कितीवर आहे हे तर तो लिहीतच नाही. म्हणजे समोरचा दगड किती फुटांवर आहे हे मोजण्यासाठीच ज्याची बांधणी झाली, तो कॅमेरा ते अंतर मला दाखवतो आणि विसरून जातो. पण ग्रिप लावली, की आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे उभे आहोत हे त्याच कॅमेऱ्याला काही मीटरांच्या फरकाने समजतं. अ‍ॅपर्चर माझ्या बोटांना आठवतं. सड्यावरची जागा मला आठवत नाही. जे मला जमत नाही तेवढंच ग्रिप करते, म्हणून ती मला या कॅमेऱ्यावर विजोड वाटत नाही.

तसं पाहिलं तर दोन्हींचं काम भूमितीचंच आहे. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमध्ये ६९.२५ मिलिमीटर अंतर असतं, आणि तेवढ्या पायावर त्रिकोण साधून तो समोरच्या वस्तूचं अंतर काढतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपापली वेळ सांगत फिरत असतात. त्यांचा संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून रिसीव्हर प्रत्येकापासूनचं अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात जेमतेम ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे घड्याळ किंचित चुकलं तरी जागा कुठच्या कुठे जाते, आणि म्हणूनच तीन उपग्रहांवर न भागता चौथा लागतो. एकाच यंत्रात सात सेंटिमीटरचा त्रिकोण आणि हजारो किलोमीटरची अंतरं नांदतात याचं मला अजूनही कौतुक वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

प्रत्यक्ष वापराबद्दल मात्र कौतुकाने बोलून चालणार नाही. ग्रिप बसवायची तर कॅमेऱ्याच्या तळाची बेसप्लेट काढावी लागते. ग्रिप तिच्या जागी बसते आणि तळाच्या संपर्कबिंदूंमधून कॅमेऱ्याशी बोलते. बॅटरी आणि मेमरी कार्डही त्या तळाखालीच असल्यामुळे कार्ड बदलायचं झालं की अख्खी ग्रिप काढा, ती काखेत धरा, कार्ड बदला आणि पुन्हा बसवा. फिल्मच्या काळापासून लायकात तळ उघडूनच फिल्म घालत असत, त्या रिवाजाचा हा वारसा. २०२२ मध्ये आलेल्या लायका एम ११ मध्ये ही बेसप्लेट अखेर गेली. सड्यावर वारा सुटलेला असताना, जांभ्याच्या लाल धुळीत ही कसरत करायला मला आवडत नाही, म्हणून मी मोठं कार्ड घालतो आणि सकाळी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घेऊनच निघतो. जीपीएस चालू असलं की बॅटरी लवकर उतरते, हेही हिशेबात धरावं लागतं.

दुसरी अडचण उपग्रहांची. मोबाइलला नेटवर्ककडून आयती मदत मिळते, कोणते उपग्रह डोक्यावर आहेत हे त्याला आधीच कळलेलं असतं, म्हणून तो चटकन जागा सांगतो. ग्रिपला असा मदतनीस नाही. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगतो आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग पूर्ण सांगायला साडेबारा मिनिटं घेतो. रिसीव्हरला हे सारं आकाशातून ऐकूनच घ्यावं लागतं, आणि मध्येच झाडाची फांदी आडवी आली की तेवढं पुन्हा ऐकावं लागतं. त्यात ग्रिप असते कॅमेऱ्याच्या खाली. म्हणजे डोळ्याला कॅमेरा लावला की तिच्यावर धातूचा कॅमेरा आणि भोवती माझा हात. म्हणून जागेवर पोहोचल्यावर मी आधी कॅमेरा चालू करतो, उताणा करून ग्रिप आभाळाकडे येईल असा मांडीवर ठेवतो आणि पाणी पितो. लोकांना वाटतं हा दमला. दमलेला असतोच, पण खरं कारण हे आहे.

पडद्यावर उपग्रहाचं छोटं चिन्ह दिसतं. ते हिरवं असेल तर जागा गेल्या मिनिटाभरात निश्चित झालेली आहे. केशरी असेल तर जागा सापडून मिनिटाहून जास्त वेळ झाला आहे, मात्र चोवीस तासांच्या आत. लाल असेल तर ती त्याहून जुनी तरी आहे किंवा मुळात नाहीच. या तिघांत सर्वांत फसवं केशरी, हे मी ठेच खाऊन शिकलो. घाटाच्या पायथ्याच्या एका गावात सकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेताना मी कॅमेरा चालू केला होता आणि चिन्ह हिरवं झालेलं पाहून निर्धास्त झालो होतो. पुढे दोन तास चालून दाट झाडीतल्या घळीत एका पडक्या देवळापाशी पोहोचलो. तिथे चांगले चौदा फोटो काढले. खालच्या चौकटीत लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा आणि शेंड्याला चंद्रसूर्य, असा एकही घाव न लागलेला वीरगळ होता तो. चिन्ह केशरी होतं. मी पाहिलं आणि सोडून दिलं. दोन महिन्यांनी नकाशावर फोटो लावले तेव्हा चौदाही फोटो चहाच्या टपरीत बसलेले होते. दोष यंत्राचा नव्हता. त्याने रंग दाखवून सांगितलं होतं. पण नोंदच नसलेला फोटो निदान गप्प बसतो, चुकीची नोंद मात्र खात्रीने खोटं बोलते. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक जागेपुढे ह, के किंवा ला असं एक अक्षर असतं.

मग मोबाइलच का नाही, हा पुढचा प्रश्न येतोच. मोबाइलवर दिवसभराच्या वाटेची नोंद करून नंतर वेळेच्या आधारे ती फोटोंशी जुळवता येते, आणि बहुतेकांसाठी मी हाच मार्ग सुचवतो, कारण त्याला काही खर्च नाही. पण ती जुळणी कॅमेऱ्याच्या घड्याळावर उभी असते. माझं घड्याळ एकदा सात मिनिटं मागे होतं. सड्यावर सात मिनिटांत माणूस एका शिल्पापासून दुसऱ्या शिल्पापर्यंत जातो. ग्रिपमुळे उपग्रहाची वेळही फोटोच्या नोंदीत येते. ती जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणून सकाळी ७:१० चा फोटो तिथे १:४० चा दिसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्रावलो होतो. त्यात साडेपाच तास मिळवले की सगळं जागेवर येतं.

अचूकतेबद्दल लोकांच्या अपेक्षा भलत्याच असतात. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. उघड्या सड्यावर ही ग्रिप मला पाच-दहा मीटरांच्या आत आणून सोडते. घळीत, कड्याखाली संदेश खडकावर आपटून येतो आणि चूक तीस-चाळीस मीटरांवरही जाते. एवढ्याने मोजणी होत नाही, पण शोध लागतो. एका गावात नदीकाठच्या तीन वीरगळांचे फोटो मी घेतले होते. सहा वर्षांनी गेलो तर देवळाचा जीर्णोद्धार होऊन नव्या फरश्या बसल्या होत्या आणि तिन्ही दगड ऑइलपेंट लावून कंपाउंडच्या भिंतीपाशी ओळीने उभे केले होते. मूळचे कुठे होते, यावर पारावरच्या चार जणांची चार मतं. जुन्या फोटोतल्या आकड्यांनी मला थेट एका गोठ्यात नेऊन उभं केलं, आणि म्हशीने माझ्याकडे पाहिलं. पण त्याच फोटोत मागे औदुंबराचं दुबेळकं खोड होतं. ते गोठ्याच्या कुडापासून दहा-बारा पावलांवर निघालं, आणि खोडाशी दगड उपटल्याचा खड्डा अजून बुजायचा होता. नुसत्या फोटोने मला ते गाव धुंडाळायला लावलं असतं, आणि नुसते आकडे घेऊन मी गोठ्यातच थांबलो असतो.

एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही, तरी सांगतो. हे आकडे फोटोबरोबर दुसऱ्याच्या हाती जातात. वीरगळाखाली गुप्तधन असतं अशा समजुतीने दगड उखडणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि सड्यावरच्या एखाद्या शिल्पाची जागा कळली की तिथे गाडी नेऊन चाक फिरवणारेही आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आल्यापासून तिकडे जाणाऱ्यांची ओढ वाढली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं तर ही नोंद गळून पडते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर आकडे जसेच्या तसे जातात. म्हणून मूळ फाइल माझ्या डिस्कवर राहते, बाहेर जाते ती जागा पुसलेली प्रत. अभ्यासकाने मागितल्यास आकडे वेगळे कळवतो, आणि आधी तो कोण हे विचारतो.

आता ही ग्रिप घ्यावी का? लग्नाचे, घरच्यांचे, शहरातल्या रस्त्यांचे फोटो काढत असाल तर मुळीच घेऊ नका; कॅमेरा विनाकारण जड होईल. तुमच्याकडे लायकाचाच आधीचा एम ९ असेल तर ती चालणारच नाही. एम १० असेल तर तिथे जीपीएस वरून लावायच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये आहे आणि एम ११ ला ते मोबाइलकडून मिळतं. टाइप २४० असेल आणि माझ्यासारखे पत्ता नसलेले दगड शोधत फिरत असाल तर जरूर पाहा, पण बहुधा जुनीच मिळेल. त्यामुळे आपला कॅमेरा बरोबर न्या, संपर्कबिंदू कापडाने पुसून ग्रिप स्वतः बसवून बघा, आणि विकणाऱ्याच्या हॉलमध्ये बसून व्यवहार करू नका. सरळ गच्चीवर चला म्हणा. चिन्ह हिरवं व्हायला पंधरा मिनिटंही लागतील. तेवढा वेळ तो चहा पाजत असेल तर पाजू द्या.